रविवारच्या तीस किलोमीटरसाठी पंचाऐंशी हजारांची सायकल घ्यावी का?

मुलुंडचा_मध्यमवर्गीय

नमस्कार. वय ४७, वजन ७८ किलो, मुक्काम मुलुंड पूर्व, नोकरी दिवसभर बसून करण्याची. गेल्या महिन्यातल्या तपासणीत साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी तीन महिने व्यायाम करून पाहण्यास सांगितले. चालण्याचा मला मनापासून कंटाळा आहे. सायकल मात्र शाळेत असताना नाशिकला भरपूर चालवली होती. कार्यालयातले चौघेजण दर रविवारी पहाटे मुलुंडहून निघतात, ऐरोलीच्या पुलावरून पाम बीच रस्त्याला जातात आणि नऊच्या आत घरी परततात. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात. मीही त्यांच्यात सामील व्हावे असा विचार आहे.

काल दुकानात गेलो होतो. दुकानदाराने ८५ हजारांची सायकल समोर ठेवली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, उचलली तर एका हाताने सहज उचलली जाते. कोपऱ्यात २२ हजारांची एक हायब्रिडही (सरळ हँडलची, रोजच्या रस्त्यांसाठीची सायकल) उभी होती, पण तिच्याबद्दल विचारले तेव्हा "साहेब, ती घेतलीत तर वर्षभरात पुन्हा इकडेच याल" असे म्हणून त्याने विषय बदलला. घरी सांगितल्यावर सौभाग्यवतींनी एवढेच विचारले की या पैशांत स्कूटर येते आणि तिला पायडल मारावे लागत नाही, हे मला ठाऊक आहे का.

माझ्यासारख्या रविवारच्या हौशी माणसाला महाग सायकलीचा खरोखर काही उपयोग होतो का? अनुभवी सदस्यांनी स्पष्ट सांगावे.

तिरकस

उपयोग होतो. दुकानदाराला.

यंत्रवेडा

प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात सायकल एका हाताने उचलून दाखवणे हा विक्रीचा सर्वांत जुना प्रयोग आहे आणि तो नेहमी यशस्वी होतो, कारण हाताला वजन जाणवते तसे ते सपाट रस्त्यावर पायांना जाणवत नाही. समजा, एक सायकल १६ किलोची आहे आणि दुसरी ११ किलोची. फरक ५ किलोचा. मलबार हिलचा सुमारे ५० मीटरांचा चढ या जास्तीच्या ५ किलोंसह चढायचा झाला, तर अडीच हजार जूलच्या आत जास्तीचे काम होते. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, हे धरूनही हिशेब अडीच किलोकॅलरीच्या आत राहतो. बटाटावड्याच्या एका घासात याहून जास्त असते. शिवाय चढावर सायकलीचे वजन आणि आपले वजन यांत पृथ्वी भेदभाव करत नाही. ७८ चे ७३ झाले तरी परिणाम तोच, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

सपाट रस्त्यावर, ताशी वीस-पंचवीसच्या वेगात, बहुतेक शक्ती वारा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर नुसत्या वाऱ्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. तिथे सायकलीच्या किमतीपेक्षा तुम्ही किती वाकून बसता याला महत्त्व आहे. आणि वाकून बसण्यात अडथळा कशाचा येतो, हे आपण सर्वजण जाणतो.

याचा अर्थ पैसे वाया जातात असा नाही. १०-१५ हजारांत मिळणारी, पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन, जाड दातेरी टायर आणि मोटरसायकलीसारखी दिसणारी सायकल कृपा करून घेऊ नका. ती १७-१८ किलोंची असते आणि तिचे मागचे सस्पेन्शन तुमच्या प्रत्येक पायडलमधला काही भाग स्वतःच गिळते. त्याच्या वरच्या पायरीवर, साधारण २० ते ३५ हजारांत, साधा ताठ फोर्क, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ३५ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर आणि शिमानोचे अल्टस किंवा असेरा दर्जाचे गिअर मिळतात. इथे आणखी एक तपशील आवर्जून विचारा. मागच्या चाकाला फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसवलेला गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) आहे की कॅसेट (हबच्याच लांब भागावर सरकवलेल्या चकत्या)? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत बसतात, त्यामुळे भारदस्त चालक खड्ड्यातून गेला की अ‍ॅक्सल (चाकाचा आस) वाकण्याची शक्यता वाढते. ७८ किलो आणि मुंबईचे रस्ते हे दोन्ही लक्षात घेता कॅसेटसाठी चार पैसे जास्त देणे योग्य ठरते.

३५ ते ८५ हजारांच्या दरम्यान जे वाढते ते बहुतांशी सुबकपणा: गिअर अलगद पडतात, ब्रेकला दोन बोटे पुरतात, आवाज होत नाही. ते सुखद असते, हे मी नाकारत नाही. त्याहूनही वर गेलात की तुम्ही ग्रॅम विकत घेत असता. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी असू शकत नाही. पाम बीचवर इडली खायला जाणाऱ्या माणसाने त्या आकड्याजवळ जाण्याचे कारण मला सापडलेले नाही.

निशिगंध

यंत्रवेडा यांनी सगळे लिहिले, पण जे सर्वांत आधी यायला हवे तेच राहिले. सायकलीचे माप.

माझी उंची ५ फूट १ इंच. चार वर्षांपूर्वी गोरेगावात मी हौसेने १४ हजारांची सायकल घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही सगळ्यांना चालते." आरेच्या रस्त्याने दीड महिना रोज सकाळी गेले आणि दोन्ही गुडघे धरले. हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, फिजिओथेरपी झाली, सायकल बाल्कनीत गेली, तिच्यावर पायपुसणी वाळू लागली. पुढे एका अनुभवी मैत्रिणीने ती पाहिली आणि पहिलेच वाक्य असे म्हणाली की ही फ्रेम तुझ्यापेक्षा दोन मापांनी मोठी आहे, आणि पाय टेकावेत म्हणून तू सीट खाली घेऊन बसली आहेस. खरेच तसे होते. सीट खाली असली की गुडघा सतत दुमडलेला राहतो आणि सगळा भार वाटीवर येतो.

सीटची उंची घरी तपासायची सोपी रीत अशी. भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवड्याने पायडल मारले की गुडघ्याला जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. एवढी साधी गोष्ट मला विकत घेताना कोणी सांगितली नाही.

दुसरी सायकल ३१ हजारांची घेतली, लहान फ्रेमची, आणि सीट बदलून थोडी रुंद लावली, कारण बायकांच्या बैठकीची हाडे सहसा अधिक अंतरावर असतात. तीन वर्षे झाली, गुडघ्यांनी तक्रार केलेली नाही. तेव्हा धागाकर्त्यांनी आधी ती ८५ हजारांची सायकल त्यांच्या मापाची आहे का हे पाहावे. चुकीच्या मापाची महाग सायकल ही स्वस्त सायकलीपेक्षा वाईट, कारण ती टाकवतही नाही.

घाटवाट

मी थोडा विरोधी सूर लावतो. ठाण्यात राहतो, आठवड्यातून दोनदा येऊर चढतो, आणि माझी सायकल १ लाख ४० हजारांची आहे. मला तिचा क्षणभरही पश्चात्ताप नाही.

पहिले २०० किलोमीटरांचे ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) मी २४ हजारांच्या हायब्रिडवर केले. त्याला साडेतेरा तासांची मुदत असते. मी बारा तास पन्नास मिनिटांत पोचलो आणि पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरत होतो. पुढच्या वर्षी नव्या सायकलीवर तेच अंतर अकरा तास दहा मिनिटांत झाले आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. यंत्रवेडा म्हणतात तो हिशेब मलबार हिलपुरता बरोबर आहे, पण खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला जायचे तर चढ साडेपाचशे मीटरांचा होतो. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब वेगळा देतात तो उगाच नाही. तिथे प्रत्येक किलो नावानिशी ओळखता येतो.

आणि कॅलरींच्या पलीकडचा एक मुद्दा आहे. चांगली सायकल बोलावते. पहाटे पाचला गजर वाजल्यावर उठायचे की नाही, हा निर्णय दारात कोणती सायकल उभी आहे यावर माझ्या बाबतीत तरी पुष्कळ अवलंबून असतो.

तिरकस

घाटवाट, त्या मधल्या वर्षात तुम्ही येऊर किती वेळा चढलात, तेही सांगा. शंभर वेळा येऊर चढलेला माणूस दूधवाल्याच्या सायकलीवरही तासभर लवकर पोचेल.

घाटवाट

हे मान्य. पण दूधवाल्याच्या सायकलीवर मी शंभर वेळा येऊर चढलो नसतो.

जुना_गिरगावकर

तुम्हा मंडळींची चर्चा वाचून मौज वाटली. आमच्या लहानपणी सायकल तासावर भाड्याने मिळायची, आणि तिचा ब्रेक लागतो की नाही हे ती घेऊन निघाल्यावर कळायचे. दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारत आम्ही शिकलो. मापाचा प्रश्न नव्हता. सायकल एकाच मापाची असे आणि मुलाने तिच्या मापाचे व्हायचे असे.

वडिलांकडे हिंद सायकल होती. तिचा कारखाना इथेच, वरळीला होता, हे आता कुणाला सांगून खरे वाटत नाही. ती घेतली तेव्हा तिची किंमत वडिलांच्या दीड महिन्याच्या पगाराइतकी होती, असे आई सांगत असे. म्हणजे महाग सायकल हे काही तुमच्या पिढीचे खूळ नव्हे. फरक असा, की ती सायकल रोज गिरगावातून परळच्या गिरणीत जायची, परतताना तिच्या हँडलला भाजीची पिशवी असायची, आणि रविवारी मला पुढच्या दांड्यावर बसवून चौपाटीला न्यायची. एकवीस वर्षे वापरली. आजही डबेवाल्यांच्या सायकली पाहा. वजनाने दांडगी, गिअर नाही, हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकलेले, आणि तरीही वेळ चुकत नाही.

मुलुंडकर, तुमची सायकल आठवड्यातले सहा दिवस काय करणार आहे?

हिशेबनीस

जुना_गिरगावकर काकांनी विचारलेच आहे, तर आकडेमोड मांडतो.

पावसाळ्याचे चार महिने वगळले तर वर्षाला साधारण ३५ रविवार उरतात. प्रत्येक रविवारी ३० किलोमीटर, एकही रविवार न चुकवता, लग्नकार्य आणि पाहुणे न धरता, १,०५० किलोमीटर होतात. पाच वर्षांत ५,२५०. पंचाऐंशी हजारांना त्याने भागले की किलोमीटरमागे १६ रुपये पडतात. मुंबईत रिक्षाचे भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झाले, म्हणजे किलोमीटरमागे सव्वासतरा. थोडक्यात, तुम्ही जवळजवळ रिक्षाचे भाडे देणार आणि पायडलही स्वतःच मारणार.

२२ हजारांच्या सायकलीचा हाच दर सव्वाचार रुपयांच्या आत येतो. मात्र रोज ८ किलोमीटर कामासाठी चालवली, तर ८५ हजारांचीही सहा-सात रुपयांवर येते.

जाता जाता आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराने सांगितलेली किंमत जुन्या करासकट असेल, तर ८५ हजारांत सव्वापाच हजारांच्या वर फरक पडायला हवा. पावती मागताना तेवढे विचारा.

केतकी_वन

क्षमा असावी, पण हा किलोमीटरमागचा हिशेब मला नेहमी अन्यायाचा वाटतो. सतार घेणाऱ्याला कोणी सुरामागचा दर विचारत नाही. साठ हजारांचा फोन लोक घेतात आणि त्यावर सुप्रभातचे संदेश पाठवतात, तेव्हा तो परवडतो का असा धागा निघत नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःच्या कमाईतून एक सुंदर वस्तू घ्यावीशी वाटली, तर ती उपयोगाच्या काट्यावर तोलायलाच हवी का? हौस ही हौस असते. ती परवडत असेल तर घ्यावी, आणि तिला व्यायामाचे नाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

हिशेबनीस

केतकीताई, हौसेला माझा विरोध नाही. पण त्यांनी हौस परवडते का असे विचारलेले नाही, उपयोग होतो का असे विचारले आहे. शिवाय सतार पावसात बाहेर उभी राहत नाही.

चौदावा_मजला

पावसात बाहेर उभी राहण्यावरूनच लिहितो. आतापर्यंत सगळे सायकल चालवण्याबद्दल बोलले. मुंबईत सायकल ठेवण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

मी लालबागला पुनर्विकास झालेल्या इमारतीत राहतो. दोन वर्षांपूर्वी ९० हजारांची सायकल घेतली. पहिल्याच आठवड्यात सोसायटीने खालच्या वाहनतळात सायकली ठेवण्याची जबाबदारी घेणार नाही अशी सूचना लावली. मजल्यावर दाराबाहेर ठेवली, तर जिन्याची वाट अडते म्हणून शेजाऱ्यांनी हरकत घेतली, आणि ती हरकत रास्तच होती. लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते, त्यामुळे सकाळी शाळेच्या वेळेत लिफ्ट मिळत नाही. शेवटी ती झोपण्याच्या खोलीत भिंतीला खुंट्या ठोकून टांगली. चारशे चौरस फुटांच्या घरात तिने व्यापलेल्या जागेची बाजारभावाने किंमत काढली, तर सायकल स्वस्तच म्हणावी लागेल.

हे एक. दुसरे असे, की ती कुठेही उभी करवत नाही. दादरला फुले आणायला गेलो, कुलूप लावून दहा मिनिटे आत गेलो, आणि त्या दहा मिनिटांत तीनदा बाहेर येऊन पाहिले. त्या दिवसापासून ती सायकल फक्त अशा ठिकाणी जाते जिथे मला तिच्यावरून उतरावे लागत नाही. म्हणजे घरून निघायचे, वरळीला वळसा घालायचा आणि घरी यायचे. बँक नाही, वाचनालय नाही, चहासुद्धा नाही, कारण टपरीवर ती टेकवली की कोणीतरी गिअर पाडून बघतो.

मागच्या वर्षी भायखळ्याहून ६,५०० रुपयांना एक जुनी काळी सायकल आणली, स्टँडवाली, कॅरिअरवाली. ती खाली वॉचमनच्या खोलीबाहेर पडून असते. तिच्यावर मी रोज जातो. दोघींनी मिळून वर्षभरात कापलेल्या अंतराची नोंद ठेवली आहे. काळीने १,९०० किलोमीटर केले, भिंतीवरचीने ३४०.

तिरकस

भिंतीवरच्या सायकलीला हार घातला आहे का?

चौदावा_मजला

अजून नाही. पण सासूबाईंनी दसऱ्याला हळदकुंकू लावले होते.

शिवडीचा_फ्लेमिंगो

ठेवण्याबरोबर दुरुस्तीचाही विचार करावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साखळी गंजायला पाऊसच पडावा लागतो असे नाही. एप्रिलमध्येही आठवडाभर दुर्लक्ष केले की लाल पूड दिसते. महाग सायकलीची साखळी अधिक अरुंद असते, गिअरच्या चकत्याही पातळ असतात, आणि ताणलेली साखळी वेळेवर बदलली नाही तर ती पूर्ण कॅसेट झिजवते. साधारण अर्धा ते पाऊण टक्का ताणली की बदलावी. साध्या सायकलीत हा खर्च शेकड्यांत राहतो, महाग सायकलीत हजारांत जातो.

आणि पंक्चर. महाग सायकलींच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, तो बारीक आणि टोकाला स्क्रू असलेला. शिवडी, भांडुप, कांजूर, कुठल्याही नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. एका रविवारी माझे टायर ऐरोलीला बसले आणि चार दुकाने फिरलो. चौथ्या ठिकाणच्या वृद्ध चाचांनी व्हॉल्व्हकडे बराच वेळ पाहिले आणि "बेटा, ये तो सायकलवाले के पास ले जाओ" असे सांगितले. जो व्हॉल्व्ह बदलून साध्या पंपाला जोडतो तो पितळी तुकडा पन्नास-शंभर रुपयांना मिळतो. तो खिशात ठेवावा, सोबत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप. हे सामान सोबत असेल तर सायकल कितीचीही असो, माणूस घरी पोचतो.

निशिगंध

यात हेल्मेट आणि दिवेही धरा. पहाटे साडेपाचला ऐरोलीचा पूल अंधारातच असतो. मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि पुढे खरोखर रस्ता दाखवणारा पांढरा दिवा, दोन्ही हवेत. ८५ हजारांच्या सायकलीसोबतही ते फुकट येत नाहीत. मडगार्डही येत नाही, स्टँडही येत नाही. हे मला फार विनोदी वाटते; जसजशी किंमत वाढते तसतशी सायकलीवरची एकेक वस्तू कमी होत जाते.

घाटवाट

निशिगंधताई, ग्रॅम वाचतात ना.

यंत्रवेडा

चौदावा_मजला यांचा प्रतिसाद वाचून मी माझे मत थोडे बदलतो. मी यंत्राचा विचार केला, शहराचा केला नाही. या शहरात सागरी सेतूवर सायकलीला बंदी आहे, अटल सेतूवरही आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल मार्ग बांधला आणि पुढे तो काढूनही टाकला. राहिले पहाटेचे रिकामे रस्ते, आरे, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि पलीकडची नवी मुंबई. वेगवान सायकलीला हवा तसा मोकळा रस्ता मुंबईत आठवड्यातून तीन तास उपलब्ध असतो. कामाच्या सायकलीला मात्र रोज चोवीस तास गल्ल्या मोकळ्या आहेत.

तरीही एक चांगली बाजू नोंदवतो. मेट्रो २अ आणि ७ वर २०२२ पासून सायकल डब्यात नेता येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल टाकून मी अलिबागला जाऊन आलो आहे. पाऊण दिवस छान गेला. सायकल २८ हजारांची होती, आणि मांडव्याहून पुढे नारळाच्या दुकानाला ती निर्धास्त टेकवून मी अर्धा तास झोपलो.

केतकी_वन

निर्धास्त झोप ही गोष्ट दुकानदार विकत नाही, हे मान्य करते. माझी सायकल ७२ हजारांची आहे, आणि ती मी आजवर कुठेही टेकवून झोपलेली नाही.

मुलुंडचा_मध्यमवर्गीय

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण मधल्या काळात काहीही विकत न घेता मेव्हण्याची जुनी, गिअर नसलेली सायकल उसनी आणून चालवली.

निकाल प्रामाणिकपणे सांगतो. सहा रविवारांपैकी पाम बीचला तीनच वेळा गेलो. एकदा पाहुणे आले, एकदा आदल्या रात्री जागरण झाले, आणि एकदा गजर बंद करून झोपलो. त्या दिवशी दारात घाटवाट यांची सायकल असती तरी उठलो असतो असे वाटत नाही. जे तीनदा गेलो त्यात सोबतच्या चौघांच्या मागे राहिलो. पैकी दोघे पुढे निघून गेले आणि दोघांनी माझ्यासाठी वेग कमी केला. परतताना समोरचा वारा आला की यंत्रवेडा यांचा आठपटीचा हिशेब मांड्यांना समजत होता.

पण जुना_गिरगावकर काकांचा प्रश्न डोक्यात होता. म्हणून सायकल घरी आहेच तर स्टेशनला घेऊन जाऊ लागलो. पूर्वी रिक्षाच्या रांगेत दहा मिनिटे उभा राहायचो, आता सात मिनिटांत फलाटावर असतो. संध्याकाळी येताना भाजी आणतो. रोजचे सहा-साडेसहा किलोमीटर होतात, आणि ते करताना व्यायाम करतो आहे असे वाटत नाही, ही त्यातली सर्वांत मोठी सोय. दुकानात परत गेलो तेव्हा ८५ हजारांची सायकल पुन्हा उचलून पाहिली. अजूनही फार सुंदर आहे. मग ती मुलुंड स्टेशनबाहेर, दिवसभर, शंभर स्कूटरींच्या मध्ये साखळीने बांधलेली डोळ्यांसमोर आणली आणि हळूच खाली ठेवली.

शेवटी २७ हजारांची हायब्रिड घेतली. कॅसेट आहे, विचारून घेतली. माप टाचेने तपासले. दुकानदार मोठे माप देत होता, कारण मधले संपले होते, म्हणून आठ दिवस थांबलो. व्हॉल्व्ह साधा आहे. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, दोन्ही दिवे, हेल्मेट आणि दोन कुलपे मिळून आणखी साडेपाच हजार गेले. दुकानदार निरोप देताना "वर्षभराने भेटू" म्हणाला. बघू. साखरेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

सध्या अडचण वेगळीच झाली आहे. सौभाग्यवतींनी एकदा गंमत म्हणून चालवून पाहिली, आणि आता रोज सकाळी साडेसहाला त्या सायकल घेऊन मैत्रिणींबरोबर जातात. त्या परत येईपर्यंत माझी आठ सोळाची लोकल जाते. दुसरी कोणती घ्यावी?

तिरकस

पंचाऐंशी हजारांची. स्कूटरच्या भावात.

निशिगंध

आधी वहिनींची उंची सांगा. आणि दुकानात त्यांना घेऊन जा, एकटे जाऊ नका.